सोलापुरात सिगारेट सोडायचीय? चार जण जमवा आणि गट सुरू करा

कॉलेजात सिगारेट बहुतेकांना संगतीत लागते. प्रॅक्टिकल संपतं, कोणीतरी "चल की बे, चहा मारू" म्हणतं, टपरीवर चहाबरोबर एक सिगारेट पेटते आणि ती चौघांत फिरते. पुढं वर्षभरात तीच सिगारेट सकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर एकट्यानं ओढली जाते. सोडायचा विचार आला की मुलं आधी बोलतात ते तलफेबद्दल नसतं. "सोडली तर दुपारी चार वाजता मी जाऊ कुठं? कोणाबरोबर उभा राहू?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो अजिबात क्षुल्लक नाही. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून शिकायला आलेल्या पोराला या शहरातले पहिले मित्र टपरीवरच भेटलेले असतात.

म्हणून हा लेख गटाबद्दल आहे. संगतीनं लागलेली गोष्ट सोडायलाही संगतच लागते, असं मी मानतो. नुसती माहितीपुस्तिका वाचून स्वतःच सोडू पाहणाऱ्यांपेक्षा गटात बसून सोडणाऱ्यांना जास्त यश मिळतं, हे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासल्यावर दिसून आलेलं आहे. गटाला संस्था, निधी, बॅनर, उद्घाटन काही लागत नाही. आठवड्यातून एक तास, बसायला एक जागा आणि खरं बोलायची तयारी असलेली चार-पाच माणसं लागतात.

माणसं कशी जमवायची

पाच ते आठ जण पुरे. दहाच्या वर गेलात की प्रत्येकाला बोलायला वेळ मिळत नाही आणि दोन जण भाषण करतात, बाकीचे मोबाईल बघतात. दोघंच असाल तर दोघांनी सुरू करा, तिसरा येतोच.

नोटीस बोर्डावर कागद लावून कोणी येत नाही. "सोडायला पाहिजे बे" असं गेल्या महिनाभरात ज्याच्या तोंडून निघालंय त्याला गाठा, आणि तो एकटा असताना गाठा. बोलणं साधं ठेवा: "मी पुढच्या महिन्यात बंद करतोय. एकट्यानं जमेल असं वाटत नाही. बसायला येतो का?" त्याला सुधारायला निघालाय असा सूर लागला तर तो येणार नाही. तुम्हाला त्याची गरज आहे हे सांगितलंत तर बहुधा येईल, आणि ते खरंही आहे.

एकाच कॉलेजचे जमवायचे की वालचंद, दयानंद, संगमेश्वर अशा वेगवेगळ्या कॉलेजांतले? वेगवेगळे असले तर बाहेर बोभाटा व्हायची भीती कमी, हे खरं. तरी मी एकाच कॉलेजच्या किंवा एकाच हॉस्टेलच्या गटाला कौल देईन. तलफ रोज येते, बैठक आठवड्याला एकदाच असते. मधल्या सहा दिवसांत ज्याच्या खोलीचं दार ठोठावता येईल असा माणूस जवळ हवा.

बिडी ओढणारा, मावा खाणारा आला तर त्याला परत पाठवू नका. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं कुठलं ना कुठलं सेवन करताना आढळले. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपल्याकडं सिगारेट सोडणाऱ्याच्या समोर माव्याची पुडी अशी कायम उघडी असते. सिगारेट बंद केली आणि गालात मावा भरला, तर निकोटिन चालूच राहिलं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वर आला. गटाचं ठरलेलं असू द्या की तंबाखू कुठल्याही रूपातली असो, ती इथं मोजली जाईल. हुक्का आणि व्हेपसुद्धा यातच. ई-सिगारेटच्या विक्रीवर आणि साठवणुकीवर देशात २०१९ पासून कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं "आधी व्हेपवर जातो, मग सोडतो" हा मार्ग कोणी सुचवला तर तिथंच थांबवा.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. ओढणाऱ्या मुली आहेत, पण ते कळलं तर घरून शिक्षणच बंद होईल या धाकानं त्या कुठंच बोलत नाहीत. त्यांना मुलांच्या गटात या म्हणून आग्रह करू नका. दोन मैत्रिणी, एखादी विश्वासातली मॅडम किंवा सोडून झालेली सीनियर ताई, एवढ्यावर त्यांचा वेगळा गट उभा राहू शकतो. एकत्र बसायचं त्यांनीच ठरवलं तर उत्तम.

आणि भाषा. आपल्या गावात एकाच बाकावर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी घरं बसतात. मनातली गोष्ट माणूस घरच्या भाषेत सांगतो. कोणी मध्येच कन्नडमध्ये घसरला तर घसरू द्या, शेजारचा सांगेल अर्थ.

जागा, वेळ आणि बाहेर न जाणारं बोलणं

बैठकीची वेळ टपरीच्या वेळेवरच ठेवा. दुपारी चारची सवय असेल तर बैठक चारला. रिकाम्या झालेल्या त्या तासात दुसरं काहीतरी भरायचंच आहे, मग तेच भरा. जागा म्हणून रिकामा वर्ग सगळ्यात चांगला. नाही मिळाला तर विजापूर रोडचा कंबर तलाव किंवा सिद्धेश्वर तलावाचा परिसर चालेल. एप्रिल-मेमध्ये मात्र सोलापूरच्या उन्हात चारला बाहेर बसवणार नाही कोणाला, तेव्हा सात वाजता बसा. चहाच्या गाड्याजवळ बैठक नको. येताना शेंगदाणे-गूळ आणा, पाण्याच्या बाटल्या आणा. हाताला आणि तोंडाला काम असलं की पहिला अर्धा तास सोपा जातो.

वर्ग मिळवायला एखाद्या प्राध्यापकांची मदत लागेल. राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी यासाठी योग्य. शैक्षणिक संस्था तंबाखूमुक्त ठेवण्याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांचं पालन भिंतीवरच्या फलकापुरतंच असतं. "सर, आमचा गट याच कामासाठी बसतोय, आठवड्याला एक तास वर्ग द्या" असं म्हटलं तर नकार यायचं कारण नाही. पण पहिल्याच भेटीत एक गोष्ट आदरानं, स्पष्ट सांगा: नावांची यादी मिळणार नाही. हजेरीपत्रक नाही, घरी फोन नाही, रेक्टरना कळवणं नाही. ही अट मान्य नसेल तर वर्ग नको, तलावाचा काठ बरा. यादी एकदा ऑफिसात गेली की दुसऱ्या आठवड्यात गट रिकामा होतो.

गटातही हाच नियम. इथं ऐकलेलं इथंच राहील. व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव "चारची बॅच" वगैरे काहीही ठेवा, ज्यावरून आईला किंवा दादाला काही कळणार नाही. बैठकीचे फोटो नाहीत, स्टेटस नाही. ३१ मेला जागतिक तंबाखूविरोधी दिन असतो, तेव्हा कोणीतरी "गटाचा एक फोटो द्या" म्हणणारच. देऊ नका.

पहिल्या दोन बैठका

पहिल्या बैठकीत कोणी काही सोडायचं नाही. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे येणाऱ्याच्या पोटात गोळा येत नाही. गोल बसा. जमवणाऱ्यानं आधी स्वतःबद्दल सांगावं: कधी लागली, आता किती होतात, का सोडायचीय. मग एकेकानं बोलावं. ज्याला बोलायचं नाही त्यानं नुसतं नाव सांगितलं तरी चालतं.

मग दोन प्रश्न प्रत्येकाला विचारा. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळानं लागते, आणि दिवसाला किती होतात. व्यसन किती घट्ट आहे याचा अंदाज डॉक्टरही याच दोन प्रश्नांवरून घेतात. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला लागते त्याचं शरीर निकोटिनवर जास्त अवलंबून असतं, पाच मिनिटांत लागणाऱ्याचं फारच. त्याला गटाच्या जोडीला औषधाची मदत लागू शकते. फक्त टपरीवर, फक्त मित्रांबरोबर ओढणाऱ्याची अडचण वेगळी आहे आणि त्याची तयारीही वेगळी करावी लागते. दोघांना एकच सल्ला देऊन चालत नाही.

घरी जाताना प्रत्येकाकडं एक कागद. आठवडाभर, प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी त्यावर लिहायचं: वेळ, जागा, सोबत कोण, मन कसं होतं. कमी करायची नाही, फक्त लिहायची. कागद पाकिटातच घडी करून ठेवला की विसरत नाही. सुट्या सिगारेटी घेणाऱ्यांनी मोबाईलच्या नोट्समध्ये लिहावं. सिगारेट-बिडीच्या सुट्या विक्रीवर राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर काय चालतं ते आपल्याला माहीत आहे.

दुसऱ्या बैठकीत कागद वाचा. इथं गट पहिल्यांदा खरा जिवंत होतो. एकाच्या कागदावर बारापैकी सात सिगारेटी जेवणानंतरच्या निघतात. दुसऱ्याच्या सगळ्या रात्री अकरानंतरच्या, व्हायवाच्या आदल्या दिवशी दुप्पट. तिसऱ्याच्या कागदावर एकच नाव पुन्हा पुन्हा येतं, आणि तो मित्र शेजारीच बसलेला असतो. मग प्रत्येकाच्या दोन सगळ्यात अवघड वेळा शोधा आणि त्या वेळेला काय करायचं ते तिथंच ठरवा. "मन घट्ट करीन" हे उत्तर धरू नका. "जेवण झालं की मेसमधून सरळ बाहेर पडून रूमपर्यंत लांबच्या रस्त्यानं चालत जाईन, सोबत तू" हे उत्तर धरा.

पैशांचा हिशेबही याच दिवशी करून टाका. रोज पाच सिगारेटी आणि एकीला १५ रुपये धरले तर महिन्याला २,२५० रुपये होतात. घरून येणाऱ्या पैशातला केवढा भाग हा, ते प्रत्येकानं मनाशी बघावं. मोठ्यानं सांगायची गरज नाही.

तारीख

तिसऱ्या बैठकीच्या आसपास सगळ्यांनी एक तारीख धरावी, येत्या आठ-दहा दिवसांतली. सत्र परीक्षेच्या आठवड्यातली नको. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, गावाकडून मित्र येतात, रात्री फिरणं होतं, हुरड्याच्या पार्ट्या असतात. त्या दिवसांत पहिला दिवस ठेवू नका. गणपतीत मंडळाचं काम करणाऱ्यांनी विसर्जनानंतरची तारीख घ्यावी. पण "योग्य वेळ" शोधत सहा महिने ढकलू नका. साधा, कंटाळवाणा सोमवार उत्तम.

हळूहळू कमी करायची की एकदम बंद? दोन्ही मार्गांनी लोक सोडतात. माझा कल एकदम बंद करण्याकडं आहे, तारखेपर्यंत तयारी करून. कमी करत जाणाऱ्याची उरलेली एक-दोन सिगारेटी फार लाडकी होऊन बसते आणि तिथंच गाडी अडते. कमी करत जायचंच असेल तरी शेवटची तारीख आधी लिहून ठेवा.

आदल्या रात्री खोलीतलं लायटर, राखेची वाटी, कपाटातलं राखीव पाकीट, बॅगेच्या कप्प्यातली अर्धी विझवलेली सिगारेट, सगळं बाहेर. चादर आणि शर्ट धुवा. हे काम जोडीनं करा, कारण एकटा माणूस राखीव पाकीट हमखास विसरतो.

पहिले दहा दिवस

शरीरातून निकोटिन लवकर उतरतं. रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणून काही तासांतच चिडचिड, अस्वस्थपणा, भूक, झोपेचा विचका सुरू होतो. दुसरा-तिसरा दिवस बहुतेकांना सगळ्यात जड जातो. त्यानंतर जोर ओसरत जातो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा त्रास जातो. हे गटाला आधी माहीत असणं फार महत्त्वाचं आहे. तिसऱ्या दिवशी "माझ्यानं होणार नाही" असं वाटणारा मुलगा समजतो की हे आता कायमचं असंच राहणार. त्याला शेजारच्यानं सांगायला हवं की आज तिसरा दिवस आहे, आजचा दिवसच असा असतो.

एक तलफ काही मिनिटं टिकते. ती वर चढते, टोकाला जाते आणि उतरते, सिगारेट ओढली तरी आणि नाही ओढली तरी. ती दहा मिनिटं काढायची चार कामं गटानं पाठ करावीत: थांबायचं, खोल श्वास घ्यायचे, घोट घोट पाणी प्यायचं, हाताला दुसरं काम द्यायचं. लवंग, बडीशेप, चणे, खारे शेंगदाणे खिशात ठेवा. सुपारी नको, ती सुटी खाल्ली तरी तोंडाला घातकच आहे.

जोड्या लावा. प्रत्येकाला एक जोडीदार, आणि दोघांचा करार: पेटवण्याआधी मला फोन. ओढल्यावर नाही, आधी. ग्रुपवर एक ठरलेला शब्द असू द्या, "तलफ" एवढाच. तो शब्द दिसला की जो मोकळा असेल त्यानं लगेच फोन करायचा. मेसेजवर उपदेश पाठवू नका. फोन करून क्रिकेट बोला, उद्याच्या असाइनमेंटचं बोला, दहा मिनिटं काढून द्या. रात्री दोनला आलेल्या फोनलाही उत्तर द्या. गट बांधला जातो तो अशा फोनांनी.

चहाबद्दल एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. तंबाखूच्या धुरामुळं यकृत कॅफिन भराभर मोडून टाकत असतं. धूर थांबला की तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरात जास्त वेळ राहतं. मग छाती धडधडते, हात थरथरतात, झोप येत नाही, आणि मुलगा समजतो की हे सिगारेट सोडल्यामुळं होतंय. पहिले दोन आठवडे चहा-कॉफी अर्ध्यावर आणा. ताक प्या, लिंबू-पाणी प्या. चहा कमी झाला की टपरीवरच्या फेऱ्याही आपोआप कमी होतात.

ज्यांना सकाळी उठल्या उठल्या लागत होती त्यांनी निकोटिनच्या च्युइंगमबद्दल विचार करावा. दोन मिलीग्रॅमचं गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. चार मिलीग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. हे गम साध्या च्युइंगमसारखं चघळत राहिलात तर उचकी लागते, मळमळतं, घसा जळजळतो. सावकाश चावायचं, तोंडात झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झणझण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. असं साधारण अर्धा तास. घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. अठरा वर्षांच्या आतल्यांनी, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचंच. गटात कोणी कोणाला स्वतःची गोळी-औषध वाटून देऊ नये.

चांगलं काय होतंय तेही बोला. बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड खाली येतो. पुढच्या काही आठवड्यांत रक्ताभिसरण आणि फुप्फुसाचं काम सुधारत जातं. पार्क मैदानाभोवती धावणाऱ्या पोराला हे पुस्तकातून सांगावं लागत नाही, त्याला दमातच फरक कळतो. आणि तिशीच्या आसपास सोडणाऱ्याचं आयुष्य, ओढत राहणाऱ्यापेक्षा, जवळजवळ दहा वर्षांनी वाढतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही तर विशीतच आहात.

बैठकीत बोलायचं कसं

गट मोडतो तो बहुधा तलफेनं मोडत नाही, बोलण्यानं मोडतो. म्हणून यावर थोडं जास्त लिहितो.

दर बैठकीत प्रत्येकाला तीन-चार मिनिटं. आठवडा कसा गेला, सगळ्यात अवघड क्षण कुठला, पुढच्या आठवड्यात काय येतंय. तो बोलत असताना बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला द्यायचा असेल तर आधी विचारायचं: "मी काय केलं ते सांगू का?" "तू असं कर" यापेक्षा "मी असं केलं" हे वाक्य कान उघडतं. कर्करोगाचे फोटो दाखवू नका. ते पाकिटावर रोज दिसतातच, आणि ते बघूनच तो इथं आलेला आहे.

एक उदाहरण देतो. कोणी म्हणालं, "काल बाबांशी भांडण झालं, फी भरायला पैसे नाहीत म्हणाले. खाली उतरलो आणि ओढली." यावर "अरे पण सिगारेटनं फी भरली जाते का?" असं कोणी म्हटलं की तो मुलगा पुढच्या आठवड्याला येणार नाही. "मग? पुढं काय झालं?" असं विचारलं तर तो सांगेल की गच्चीवर एकटा बसला होता, कोणाला फोन करावा कळेना. मग गटाला काम मिळालं. फीचं काय करता येईल, शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाय का, कुठल्या सरांना भेटायचं, तेही बोला. सिगारेटपुरताच माणूस बघितला तर सिगारेटही सुटत नाही.

कोणी आठवडाभर एकही ओढली नाही तर टाळ्या वाजवा, मनापासून वाजवा. पण दिवस मोजून एकमेकांत शर्यत लावू नका. मागं पडलेला लाजतो, आणि लाजलेला माणूस खोटं बोलायला लागतो. गटात खोटं बोलायची वेळ कोणावर आली तर दोष गटाच्या वातावरणाचा आहे, एवढं जमवणाऱ्यानं धरून चालावं.

टपरीवरचे मित्र

त्यांना तोडू नका, आणि त्यांच्यापासून लपूही नका. पहिले दोन-तीन आठवडे टपरीवर जाणं टाळा, पण त्यांना कारण सांगा. न सांगता गायब झालात तर ते ओढून न्यायला रूमवर येतात. "एकच मार की बे, काय होतंय" याला उत्तर आधी तयार हवं, आणि ते गटात मोठ्यानं म्हणून बघा, एकानं मित्र व्हायचं, एकानं नाही म्हणायचं. "नको मालक, बंद केलंय" एवढं पुरतं. कारणं द्यायला लागलात की वाद होतो, आणि वादात तलफ जिंकते.

तीन आठवड्यांनी चहाला जायचं असेल तर जोडीदाराबरोबर जा, धूर असेल त्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहा आणि चहा संपला की निघा. टपरीवाल्याशी भांडू नका. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे, सार्वजनिक ठिकाणी ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो विषय प्राचार्यांनी आणि प्रशासनानं हाताळायचा. तुमची ताकद सध्या स्वतःला लागणार आहे. टपरीवाल्या अण्णांना नुसतं सांगून ठेवा, "मी मागितली तरी देऊ नका." पुष्कळ जण ऐकतात.

ज्याच्या घरी बिड्या वळल्या जातात

हे सोलापूर आहे. विडी घरकुलात, कुंभारीत, पूर्व भागात असंख्य घरांत आई, आजी, मावशी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात. त्यातल्या कित्येक पोरांची कॉलेजची फी त्याच बिड्यांवर भरली गेलेली असते. अशा मुलाला गटात संकोच वाटतो. तंबाखूला शिव्या सुरू झाल्या की त्याला वाटतं आपल्या आईला बोलताहेत. म्हणून गटात तंबाखूच्या कामावर जगणाऱ्यांबद्दल एक वाकडा शब्द निघता कामा नये. त्या बायकांना तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते, खोकला आणि डोळ्यांची जळजळ त्यांनाही असते. मुलानं सोडणं हा आईच्या कष्टांचा अपमान नाही, हे त्याला कोणीतरी आपुलकीनं म्हणायला हवं.

याच घरांत एक गैरसमजही भेटतो: बिडी पानाची, नैसर्गिक, म्हणून हलकी. तेंदूचं पान नीट जळत राहत नाही, त्यामुळं विझू नये म्हणून जोरानं आणि वारंवार ओढावं लागतं. त्यात कार्बन मोनॉक्साइड, निकोटिन आणि डांबर भरपूर आत जातं. सिगारेटवरून बिडीवर येणं ही सोडण्याची पायरी धरू नका.

कोणी पुन्हा ओढली तर

ओढतील. बहुतेकांना कायमची सुटायला एकापेक्षा जास्त प्रयत्न लागतात. एक सिगारेट झाली म्हणून सगळं संपलं असं समजून पाकीट विकत घेणं, हाच खरा धोका. ज्यानं ओढली त्यानं त्याच दिवशी जोडीदाराला सांगावं, उरलेल्या फेकून द्याव्यात, आणि पुढच्या बैठकीला नक्की यावं. गटानं चारच गोष्टी विचाराव्यात: कुठं, कोणाबरोबर, त्याआधीच्या तासात काय झालं, पुढच्या वेळी त्या जागी काय करायचं. मग विषय संपवा. दारू प्यायल्यावर घसरणारे खूप असतात. पहिले काही महिने पार्टीला जोडीदाराशिवाय जायचं नाही, असं गटानं ठरवलेलं बरं.

गटाच्या आवाक्याबाहेरचं

तुम्ही मित्र आहात, डॉक्टर नाही. सोडल्यावर दोन आठवड्यांपलीकडं कोणी सतत उदास आहे, खात नाही, लेक्चरला येत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतोय, तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो आणि मोफत आहे. त्याच्याजवळ बसून लावून द्या. आधीपासून मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्यानं सिगारेट सोडण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगावं, कारण धूर थांबल्यावर काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस बदलावा लागू शकतो.

तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, मोफत. हाच नंबर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. मराठीतही बोलता येतं. समुपदेशक तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतःहून फोन करून चौकशीही करतात. दिवसा करा, आणि पहिला फोन गटातच स्पीकरवर लावला तर इतरांचीही भीड जाते. गम पुरत नसेल, आधी दोन-तीनदा सोडून पुन्हा लागली असेल, तर सिव्हिलमध्ये मानसोपचार किंवा छातीच्या ओपीडीत केसपेपर काढा. तलफ कमी करणाऱ्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरच देतात. एकट्यानं जायला नको वाटतं, तेव्हा जोडीदारानं सोबत जावं. केसपेपरच्या रांगेत सकाळी लवकर उभं राहा.

तीन महिन्यांनंतर

पहिला महिना दर आठवड्याला बसा, दुसऱ्या महिन्यातही जमलं तर तेच, मग पंधरा दिवसांनी. तीन महिने झाले की काही जण येणं थांबवतील. त्यांना तलफेचा शब्द टाकायला ग्रुप उघडा ठेवा. सुट्टीत गावी जाणाऱ्यांच्या जोड्या गावाप्रमाणं लावून द्या, बार्शीचा बार्शीच्याबरोबर, पंढरपूरचा पंढरपूरच्याबरोबर. घरी चुलतभावांच्या घोळक्यात पुन्हा लागायची भीती जास्त असते.

ज्यांना सहा महिने झाले त्यांतल्या दोघांनी जूनमध्ये नवीन गट जमवावा. त्यांच्याकडं एक कागद द्या: वर्ग कोणाकडून मागायचा, बैठकीची वेळ, दोन्ही फोन नंबर, पहिल्या दोन बैठकांत काय करायचं. नावं कुठलीच नाहीत. पहिल्या वर्षाची पोरं ऑगस्टपर्यंत टपरीला रुळतात, तेव्हा पहिली बैठक त्याच्या आत व्हायला हवी.